बावनकशी हिवताप

रशीदा शिकलगार आयुष्यात एकदाच अर्धं बोलली, आणि ते अर्धं बोलणं तिला वर्षभर पचलं नाही. एरवी तिचं बोलणं पुरं असायचं. इतकं पुरं, की ऐकणाऱ्याला मधेच उठून चहा टाकावासा वाटे. "कशी आहेस गं?" असं कुणी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, तरी ती क्षणभर थांबायची, खरंच स्वतःला तपासून बघायची आणि म्हणायची, "आत्ता तरी बरी आहे. संध्याकाळचं सांगता येत नाही." आभाळ भरून आलं आणि "येणार वाटतं" असं मी म्हटलं, की "येईल किंवा नाहीही येणार, वाऱ्यावर आहे," हे तिचं उत्तर. तिच्याशी गप्पा मारणं म्हणजे कोर्टात साक्ष द्यायला उभं राहण्यासारखं होतं. फरक इतकाच, की या कोर्टात साक्षीदाराला तिच्या डब्यातला खिमा मिळायचा.

पलूसच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि मी मराठी. मी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी आणि स्वतःच्या मते शंभर वर्षांनी शहाणी. सांगलीहून रोज एस.टी.नं जायचे. कडक खळ दिलेली साडी, पदराला पिन, आणि तोंडात अशी भाषा की कंडक्टरकडे तिकीट मागतानासुद्धा 'कृपया' आधी बाहेर पडायचं. तेव्हाची मी आज मला एस.टी.त भेटले, तर मी उठून थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसेन. आदळआपट परवडली.

ती कॉलेजात रुजू झाली त्या दिवशी मी रीतसर नमस्काराला हात जोडले. तिनं त्यातला डावा हात सोडवून घेतला, अनामिकेचं टोक चिमटीत धरून दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आता मी माहेराहून, म्हणजे वाईहून, नुकतीच पुष्कराजाची अंगठी करून आणली होती, आणि कुणीतरी ती बघावी म्हणून वर्गात उगाचच डाव्या हातानं फळा पुसत होते. मला वाटलं, आली एकदाची रसिक बाई. ती म्हणाली, "छान बोट आहे, ताई. टोचलं की लगेच थेंब येईल."

अंगठी तिला कधीच दिसली नाही. बोटं मात्र ती कुठंही बघायची. लग्नात नवरीची मेंदी बघायला गेली तरी हात उलटा करून टोकं दाबून बघायची. एकदा आमच्या प्राचार्यांनी तिला कसल्याशा उशिराबद्दल बोलावून झापलं, तर ही बाहेर येऊन मला म्हणते, "सरांचं रक्त कमी आहे हो, ताई. नखं बघितली का तुम्ही?"

मलेरियाच्या जंतूला ती 'तो' म्हणायची. "आज तो दिसलाच नाही." "तो फार हुशार झालाय." "सुट्टीत पुण्याला गेले की त्याचं काय ते कळेल." पस्तिशीतली, बिनलग्नाची बाई दर सुट्टीला पुण्याला जाते आणि परत येऊन 'त्या'च्याबद्दल बोलते, हे आमच्या स्टाफरूमला पुष्कळ होतं. इतिहासाच्या बाईंनी तर त्याला कोथरूडला फ्लॅटसुद्धा घेऊन दिला. खरं काय ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. इतका चांगला विषय स्टाफरूमला पुन्हा मिळाला नसता.

तिचे अब्बा पलूसच्या बाजारात धार लावायचे. विळे, कोयते, सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या. लहानपणी शाळेतून आली की चाकाचा पट्टा ओढायचं काम रशीदाकडे असायचं. त्यामुळं त्यांच्या घरातल्या सुऱ्यांना पिढीजात धार. एका ईदला मी तिच्या घरी जेवायला गेले होते, आणि आपण किती घरच्यासारख्या वागतो हे दाखवायला काकडी चिरायला बसले. माझ्या घरची सुरी काकडीला विनंती करायची. ही सुरी काकडीतून, माझ्या बोटातून आणि बहुधा पाटातूनही गेली. मी ओरडले. रशीदा धावत आत गेली. मला वाटलं, हळद आणायला गेली. ती आली ती काचपट्टी घेऊन.

"थांबा ताई, पुसू नका. वाया जाईल."

तिनं थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेनं पसरवला, वाळायला ठेवला, आणि मग माझ्या बोटाकडे वळली. दारात उभी असलेली तिची अम्मी कपाळाला हात लावून म्हणाली, "मेहमान का खून बी नै छोडती ये छोकरी." पुढच्या आठवड्यात रशीदानं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला सांगितलं, "ताई, तुम्ही स्वच्छ आहात." बाकीच्यांना त्याचा अर्थ कळला नाही आणि मी जरा ताठ बसले.

आता हा 'तो' काय करायचा, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मला ते रशीदानं डब्याच्या सुट्टीत समजावलं, तेव्हा तीन वेळा पोळी गार झाली.

डास चावला की तो आपल्या अंगात शिरतो. काही दिवस यकृतात दडून राहतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशीत घर करून तिथलं लाल द्रव्य खात सुटतो. खाऊन जे उरतं, ते त्याच्याच जिवावर उठणारं विष असतं. म्हणून तो त्या विषाचे बारीक खडे करून पोटात एका बाजूला टाकत राहतो. क्लोरोक्विनची ती पांढरी, कडूजहर गोळी त्याच्या पोटात जाऊन साठते आणि हे खडे होऊच देत नाही. मग तो स्वतःच्या जेवणानं मरतो. वर्षानुवर्षं तो असाच मरत आला. मग कधीतरी त्याच्या एका जनुकात बदल झाला. त्या जनुकावरून त्याच्या पोटाच्या भिंतीतलं एक दार घडतं. दार म्हणजे तरी काय, एक लांबलचक मण्यांची माळ घड्या घालून बसवलेली. त्या माळेतला शहात्तराव्या जागेवरचा मणी बदलला, आणि त्याच्या आजूबाजूचे आणखी दोन-चार. एवढ्यानं झालं काय, तर जे दार गोळीला बाहेर सोडत नव्हतं, ते सोडायला लागलं. गोळी आत येते, हा तिला त्या दारानं बाहेर काढतो आणि पुन्हा जेवायला बसतो.

"एका मण्यानं एवढं?" मी विचारलं.

"मुख्य तो एक. बाकीचे त्याला सांभाळून घ्यायला. नुसता तो बदलला असता तर याचं स्वतःचंच पोट बिघडलं असतं."

तिच्या आवाजात एवढं कौतुक होतं, की मी म्हटलं, "अगं, तू कुणाच्या बाजूची?"

"माणसांच्याच की. पण डोकं बघा ना त्याचं, ताई."

"त्याला डोकं नसतं असं तूच मघाशी म्हणालीस."

"नाहीच. तेच तर म्हणतेय मी."

हे सगळं ती तपासायची कशी, तर रक्ताचा थेंब एका जाड गाळणकागदावर घ्यायचा, वाळवायचा, पाकिटात घालायचा. सुट्टीत पुण्याला तिच्या जुन्या सरांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्या वाळल्या डागातून त्या जनुकाचा नेमका तुकडा वेगळा काढायचा, त्याच्या लाखो नकला करायच्या, आणि त्यावर रसायनाची एक कात्री चालवायची. ही कात्री जुनी माळ असेल तरच कापते. कापलं तर तो साधा. नाही कापलं तर मणी बदललेला. हे तिनं अब्बांना सांगितलं, तेव्हा अब्बा काळजीनं म्हणाले, "कैंची नै चलती? ला इधर, धार लगा देतूं."

कोरेवाडी हे गाव खानापूरच्या माळावर आहे. धनगरांची वस्ती. पूर्वी सगळी घरं मेंढरं घेऊन फिरायची, आता निम्मी गलाईवर. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आपल्याकडची माणसं त्यासाठी पार आसाम-ओडिशापर्यंत दुकानं टाकून बसलेली आहेत. वर्षभर तिकडच्या बोलीत बोलतात, तिकडचं खातात, आणि बिरोबाच्या जत्रेला मात्र एकूण एक माणूस गावात हजर. रशीदाला ती जत्रा म्हणजे खजिना. कुठल्या कुठल्या जंगलाकडेचे डास चावून घेतलेली माणसं आपण होऊन एका जागी गोळा होणार. ती देवळाच्या बाजूला टेबल टाकून बसायची. एकीकडे पाळणा, एकीकडे भेळेची गाडी, मधे बांगड्यांचं दुकान आणि त्याला लागून रशीदा. बांगड्या भरायला आलेल्या बायका चुकून तिच्यापुढं हात करायच्या, आणि ती तो सोडायची नाही.

पहिल्या वर्षी तिनं माझ्याकडून एक पत्रक लिहून घेतलं. लोकांना कळेल असं लिहा, म्हणाली. मी अख्खा रविवार घालवला. मथळा दिला : 'हिवतापाच्या परोपजीवींमधील औषधप्रतिरोधाची जनुकीय कारणमीमांसा : एक विनम्र आवाहन'. त्यातलं 'विनम्र' मला फार आवडलं होतं. जत्रेत लोक भराभरा पत्रकं घेत होते आणि मी पदर सावरत लांबून बघत होते. दुपारपर्यंत सगळी पत्रकं भेळेच्या गाडीवर पोचली होती. एका म्हाताऱ्यानं मला भेळ खाता खाता विचारलं, "बाई, ही निवडणूक कंची म्हणायची?"

परत येताना रशीदा म्हणाली, "कागद मात्र चांगला होता हं, ताई. तेल फुटलं नाही."

त्या गावातली हौसाक्का ही खरी सत्ता. नवरा अजून मेंढरांमागं जायचा, मुलगा हणमंता आसामात गलाईवर. जत्रा संपून माणसं परत निघाली, की प्रत्येकाला बांधून द्यायचं गाठोडं हौसाक्काच्या अंगणात तयार व्हायचं. त्यात शेंगदाण्याच्या पोळ्या, बिरोबाचा भंडारा, आणि कापडाची बोटभर पुरचुंडी, चारी बाजूंनी शिवलेली. त्या पुरचुंडीत असायच्या मलेरियाच्या पांढऱ्या गोळ्या.

या गोळ्या यायच्या कुठून? गावात कुणाला थंडीताप आला आणि दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, की पहिल्या दिवशीच्या घ्यायच्या, ताप उतरला की उरलेल्या आणून हौसाक्काच्या हातात द्यायच्या. आपण घरात आहोत, माणसांत आहोत. पोरं परमुलखात एकटी आहेत, त्यांना असू देत. वाया घालवायचं नाही आणि आपल्यापुरतं बघायचं नाही, या दोन चांगल्या सवयींतून ही रीत पडली होती. तिकडं गेलेली माणसंही त्याच आईबापांची. एकाला ताप आला की पुरचुंडी उसवायची, त्यानं दोन घ्यायच्या, उरलेल्या शेजारच्या दुकानातल्या गाववाल्याला. एक पुरचुंडी सगळ्यांना पुरायची, म्हणजे कुणालाच पुरायची नाही.

रशीदानं पहिल्यांदा ती पुरचुंडी बघितली तेव्हा बोटांनी दाबून आतल्या गोळ्या मोजल्या. मग तिनं हौसाक्काला सगळं समजावलं. तिच्या पद्धतीनं, म्हणजे पुरं. हौसाक्कानं सुई न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी लय शिकलायसा, आपा. पर माझा हणमंता ह्या गोळीवर दोन बारीला उठून बसलाय. ते काय खोटं हाय व्हय?"

ते खोटं नव्हतं. आणि खरं असलं की रशीदाला वाद घालता यायचा नाही.

मी रिटायर झाले तरी जत्रेला तिच्याबरोबर जात राहिले, मुख्यतः भेळेसाठी. अशाच एका जत्रेला हणमंता आसामातून आला तो उतरलेला चेहरा घेऊन. तिकडं ताप येऊन गेला होता, पुरचुंडीतल्या गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, गाडीत बसला. इथं ढोलाच्या तालावर नाचता नाचता त्याला हुडहुडी भरली. जवळच्या एका डॉक्टरनं वरवर बघून पुन्हा त्याच गोळ्या दिल्या. या खेपेला त्यानं त्या पुऱ्या घेतल्या. ताप उतरला, आणि आठवडाभरानं दुप्पट होऊन आला. हौसाक्कानं रशीदाला निरोप पाठवला. रशीदानं कॉलेजातला सूक्ष्मदर्शक उचलला, तो तसाच मांडीवर घेऊन ती जीपनं गेली, हणमंताच्या बोटाचा थेंब काचेवर घेतला आणि खाटेच्या शेजारी जमिनीवर पालथी पडून बघितलं.

"आहे. भरपूर आहे."

"गोळ्या समद्या घेतल्यात की त्यानं," हौसाक्का म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय, आक्का. जीप फिरवा."

सांगलीला मोठ्या दवाखान्यात त्याला क्विनाईनची सलाईन लागली. माझं घर जवळ म्हणून डबा मी न्यायचे, तेवढाच माझा वाटा. हणमंताला धड डोळे उघडवत नव्हते. "आये, कानात ढोल वाजाय लागलाय," म्हणायचा, आणि हौसाक्का बाहेर जाऊन कुणी ढोल वाजवतंय का बघून यायची. औषधानं कानात असं वाजतं, हे नर्सनं तिला सांगितलं तरी तिची खात्री होईना. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर हौसाक्का कनवटीची पुरचुंडी उसवून पोराच्या तोंडात गोळी घालत होती, आणि रशीदानं तिचं मनगट धरलं होतं. दोघीही जोर लावत होत्या. मी डबा घेऊन दारात उभी.

"एक दिली तर काय हुतंय, आपा? पोर चाललंय माझं."

"आक्का, ही गोळी त्याला आता माहीत आहे. आत गेली की तो दार उघडून बाहेर टाकतो. हणमंताला नुसता त्रास."

"पर मी काय करू मग? नुसती बसू?"

"बसा. मी पण बसते."

आणि दोघी बसल्या. रशीदानं मनगट सोडलं नाही. नंतर नंतर ते धरल्यासारखं दिसत नव्हतं.

हणमंता उठला. हडकला, पण उठला. त्याच्या रक्ताचा डाग दिवाळीच्या सुट्टीत रशीदाबरोबर पुण्याला गेला. कात्री चालली नाही. ते सांगायला आम्ही दोघी कोरेवाडीला गेलो. खरं तर निरोपानं भागलं असतं. पण तिला निरोप म्हणजे अर्धी गोष्ट वाटायची.

हणमंता उन्हाला पाठ देऊन बसला होता. हौसाक्कानं चहा दिला, पाणी दिलं, रशीदाचं सगळं ऐकून घेतलं. मणी, माळ, दार. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आपा, एक इचारू? हे जे दार उघडलं म्हंतासा त्याचं. ते माझ्या गोळीनं उघडलं व्हय? इतकी वरसं मीच बांधून देतीया."

तिथं मी होते म्हणून सांगते. हौसाक्काच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. रशीदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. "नाही आक्का. हा बदल तुमच्या गोळीनं झालेला नाही. तो लांब, दुसऱ्या मुलखात कधीच झालाय, जगात मोजक्याच ठिकाणी, आणि तिथून पसरत इथवर आलाय." मग तिनं तांब्या उचलला आणि पाणी प्यायली. बराच वेळ प्यायली. तांब्या खाली ठेवला आणि उठली.

हौसाक्कानं हात जोडून आभाळाकडं बघितलं. हणमंता हसला.

एस.टी.त मी म्हटलं, "बरं केलंस."

"निम्मंच सांगितलं, ताई."

"निम्मं तर खरं होतं."

"निम्मं खरं म्हणजे काय? तुमच्या मराठीत असेल. आमच्यात नसतं."

मी तिला धीर द्यायला काहीतरी सुंदर वाक्य बोलले. काय ते आता आठवत नाही, आणि तिनंही ऐकलं नव्हतं.

ते निम्मं तिला कुठं नडलं, ते पुढच्या जत्रेला कळलं. आम्ही टेबल मांडत होतो. हणमंता आला, चांगला भरलेला, नवा शर्ट, कपाळाला भंडारा. जत्रा झाली की परत आसामला निघणार होता. "आपा, आयेनं औंदा पुरचुंड्या दुप्पट केल्यात बगा. गोळीचा काय दोस न्हाई, आपांनी सोता सांगितलं, म्हंती."

रशीदानं हातातली कागदाची चवड खाली ठेवली. टेबल माझ्यावर सोडून ती चालायला लागली. मी टेबल बांगडीवाल्यावर सोडलं आणि मागं गेले, माझ्यामागं हणमंता.

अंगणात बायका गाठोडी बांधत होत्या. पुरचुंड्यांची एक परात भरली होती. परत निघणारी बापये माणसं ओट्यावर चहा पीत होती. रशीदा परातीपाशी उकिडवी बसली.

"आक्का, माझं चुकलं. मागच्या वर्षी मी पुढचं सांगितलं नाही."

हौसाक्कानं सुई थांबवली. पुढचं थेट तिला सांगायचा रशीदाला धीर झाला नसावा. ती हणमंताकडं वळली.

"हणमंता, सोन्यात चांदी-तांबं मिसळलंय. तू काय करतोस?"

"तेजाबात घालतो."

"मग?"

"चांदी-तांबं इरघळतंय, सोनं मागं ऱ्हातंय. सोन्याला तेजाब लागत न्हाई."

"तुझ्या रक्तात 'तो' होता. त्यातले पुष्कळ साधे, आणि दार उघडणारे थोडे, मिसळलेले. आता आईची गोळी म्हणजे तेजाब धर. साधे विरघळले. मागं कोण राहिलं?"

हणमंतानं डोकं खाजवलं. इतकी वर्षं गलाईवर काढलेला माणूस तो. त्याला माझं पत्रक लागलं नाही.

"आयला. म्हंजे आमी हिवताप बावनकशी केला म्हणा की."

ओट्यावरची माणसं हसली. हौसाक्का हसली नाही. रशीदा आता तिच्याकडं बघून बोलत होती.

"बदल लांब झाला, हे खरं. तुमच्या गोळीनं तो घडवला नाही. पण अर्ध्यामुर्ध्या गोळ्या खाल्ल्या की साधे मरतात, बदललेल्यांना रान मोकळं होतं. मग डास तेच उचलतो आणि पुढच्याला देतो. हणमंताला असंच झालं का, ते मला सांगता येत नाही. झालं असेल, नसेलही. पण या पुरचुंड्या आज गेल्या, तर कुणाच्या तरी पोराला होणार."

"तवा का न्हाई बोललासा?"

"तुमचं तोंड बघवेना."

"आनि आज बघवतंय?"

"नाही."

हौसाक्कानं परात स्वतःकडं ओढली. एक पुरचुंडी उचलली, दातानं दोरा तोडला आणि गोळ्या रशीदाच्या ओच्यात टाकल्या. मग दुसरी. बाकीच्या बायकांनीही सुया उलट्या चालवल्या. निम्मी परात रिकामी झाल्यावर हौसाक्का म्हणाली, "मग आता पोरास्नी मोकळं लावून देऊ? पोळी चार दिसांत सपती. भंडारा तेवडाच. ह्यो गेल्यावर मला झोप लागती ती ह्या पुरचुंडीवर, आपा. पोरापाशी आईचं कायतरी हाय म्हणून."

"त्यांना सांगा, ताप आला की त्याच दिवशी बोट टोचून तपासून घ्यायचं. जी गोळी देतील ती शेवटपर्यंत घ्यायची, कुणाला वाटायची नाही."

"ते काय पुरचुंडीत बांधता येतंय व्हय?"

रशीदाला उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघितलं, आणि कबूल करते, मला थोडी मजा वाटली. ती ओच्यातल्या गोळ्या चाचपत राहिली.

हौसाक्कालाच दया आली असावी. "हे बगा. डास चावलाच न्हाई तर?"

"तर मिटलंच सगळं."

"मग अशी सरळ बोला की. काय शिवून देता येतंय, ते सांगा."

जत्रेत एक कापडवाला तान्ह्या बाळांच्या पाळण्यावर घालायची बारीक जाळी विकायला बसला होता. त्याचा सगळा तागा उठला. हौसाक्काच्या जावेचं शिलाई मशीन अंगणात आलं, आणि आमच्या गाडीची वेळ होईस्तोवर पहिली मच्छरदाणी तयार झाली. ती बसते का बघायला हणमंताला आत बस म्हणाले, तर तो लाजला. "नगं. नवरदेवागत दिसतंय," म्हणाला आणि पाळण्याकडं पळाला.

म्हणून रशीदा आत गेली. चार बायका चार टोकं धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या आतच ती गेली. बसल्या जागी, हृदयानं. मी मातीला गेले नाही, बायका जात नाहीत म्हणाले. त्यामुळं मला ती शेवटची दिसते ती त्या जाळीतच. मांडी घालून बसलेली, ओच्यात गोळ्या तशाच, चष्मा कपाळावर, आणि बोटानं एकेक शिवण चाचपतेय. "इथून शिरेल." हौसाक्का बाहेरून तिथं टाका घालायची. "आणि इथून." टाका. "तुमचं समाधान व्हायचं न्हाई, आपा," हौसाक्का म्हणत होती, पण सुई थांबत नव्हती. जत्रेतनं येणारे-जाणारे थबकून आत वाकून बघत होते. मी एका हातात दोघींच्या पिशव्या आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला घेऊन ताटकळत होते. पाराकडं एस.टी.चा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

"रशीदा, गाडी चालली गं."

"जाऊ द्या ताई," जाळीतनं आवाज आला. "खालची कड राहिलीय अजून."